दुर्बीण शेतात, वर्णपटलेखक माजघरात : तंतुजोड संचाचा दोन हिवाळ्यांचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात आमचे शेत आहे आणि त्या शेताच्या बांधाला लागून आमचे जुने मातीचे घर आहे. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. गेले दोन हिवाळे मी २०० मिलिमीटर व्यासाच्या, एफ/५ प्रमाणाच्या (म्हणजे नाभीय अंतर, आरशापासून प्रतिमेपर्यंतचे अंतर, व्यासाच्या पाचपट असलेल्या) परावर्ती दुर्बिणीला एक तंतुजोड वर्णपटलेखक, म्हणजे तंतूतून आलेल्या प्रकाशाचे रंग सुटे करून नोंदणारे उपकरण, लावून ताऱ्यांचे वर्णपट घेत आहे. दुर्बीण शेतातल्या खांबावर असते, वर्णपटलेखक माजघरातल्या दगडी ओट्यावर असतो आणि दोहोंना जोडणारा २० मीटर लांबीचा काचेचा तंतू ताऱ्याचा प्रकाश शेतातून घरात आणतो. या संचाबद्दल चौकशी करणारी पत्रे मला महाराष्ट्रातल्या हौशी निरीक्षकांकडून येत असतात, त्यांच्यासाठी हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे. संच परदेशी बनावटीचा आहे. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण या जातीच्या सर्व संचांची रचना जवळजवळ सारखीच असते आणि माझे बहुतेक म्हणणे त्या सगळ्यांना लागू पडेल.

वर्णपटलेखक थेट दुर्बिणीलाच का जोडू नये, हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. उच्च विभेदनाचे, म्हणजे वर्णपटातील अगदी जवळच्या रेषाही वेगळ्या दाखवणारे, उपकरण जड असते. दुर्बीण ताऱ्यामागे फिरू लागली की त्या उपकरणावरील गुरुत्वाकर्षणाची दिशा बदलत जाते, त्याचा सांगाडा केसभर वाकतो आणि वर्णपटातील रेषा कॅमेऱ्यावर सरकतात. रेषेच्या सरकण्यावरूनच ताऱ्याचा वेग मोजायचा असल्यामुळे हे सरकणे मापनच निकामी करते. त्यात आपल्याकडच्या तापमानाची भर पडते. डिसेंबरात आमच्या शेतात दिवस आणि पहाट यांच्यात १५ अंशांहून अधिक फरक पडतो, तर माजघरात, जिथे भिंती दीड हात जाडीच्या आहेत, तो दोन-अडीच अंशांपलीकडे जात नाही. जुन्या लोकांनी धान्य आणि माणसे थंड राहावीत म्हणून बांधलेली ही खोली वर्णपटलेखकासाठी आयतीच मिळाली. मोठ्या वेधशाळा हेच तत्त्व फार पुढे नेतात. माउंट अबूच्या गुरुशिखरावरील १.२ मीटर दुर्बिणीचा ‘पारस’ हा वर्णपटलेखक निर्वात पात्रात ठेवलेला आहे आणि त्याचे तापमान अंशाच्या शंभराव्या भागाच्या आसपास स्थिर राखले जाते. त्याची विभेदनक्षमता ६७,००० आहे. तमिळनाडूतील कावलूरची २.३४ मीटरची वेणू बाप्पू दुर्बीण आणि लडाखमधील हानलेची २ मीटरची दुर्बीण यांनाही तंतूने प्रकाश पुरवलेले वर्णपटलेखक आहेत. १९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांना ५१ पेगासी या ताऱ्याभोवतीचा ग्रह ज्या ‘एलोडी’ उपकरणाने सापडला, त्यातही प्रकाश तंतूतूनच येत होता.

माझ्या संचाची विभेदनक्षमता सुमारे १०,००० आहे, म्हणजे ६५६.३ नॅनोमीटरच्या लाल हायड्रोजन रेषेपाशी तो ०.०६६ नॅनोमीटर अंतरावरच्या दोन रेषा वेगळ्या दाखवू शकतो. वेगाच्या भाषेत हे सेकंदाला ३० किलोमीटर होते. आत दर मिलिमीटरला ७९ रेघांची एशेल जाळी, म्हणजे प्रकाशाचे रंग सुटे करणारी रेघांची पट्टी, आहे. अशा जाळीवरून एकाच वेळी अनेक वर्णपट निघतात, त्या प्रत्येकाला क्रम म्हणतात. ही जाळी तीव्र तिरकस कोनात आणि वरच्या क्रमांत वापरली जाते, लाल हायड्रोजन रेषा चौतिसाव्या क्रमात येते. सगळे क्रम एकमेकांवर पडत असल्यामुळे पुढे एक लोलक त्यांना उभ्या दिशेने सुटे करतो. कॅमेऱ्याच्या चित्रात ४३० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतचा वर्णपट ओळीखाली ओळ अशा लिहिलेल्या पानासारखा दिसतो. शाळेतल्या मुलांना तो पहिल्यांदा दाखवला तेव्हा एका मुलीने ती पाटी डावीकडून वाचायची की उजवीकडून, असे विचारले होते. तो प्रश्न अगदी योग्य होता, कारण ओळींची दिशा ठरवण्यातच माझीही पहिली संध्याकाळ गेली होती.

आता मुख्य भागाकडे, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश तंतूत शिरवण्याकडे येते. संचाच्या गुणदोषांपैकी निम्म्याहून अधिक येथेच आहेत. तंतूचा गाभा ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आहे. माझ्या दुर्बिणीचे नाभीय अंतर १००० मिलिमीटर असल्यामुळे हा गाभा आकाशात सुमारे १० विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) एवढी जागा व्यापतो. आमच्याकडे वातावरणाच्या थरथरीमुळे तारा साधारण तीन विकलांचा दिसतो, म्हणजे नाभीवर तो १५ मायक्रॉनच्या आतच बसतो. एवढ्या सैल मापामुळे लहान दुर्बिणीला हा संच चांगला मानवतो. मोठ्या दुर्बिणीचे नाभीय अंतर वाढते तशी ताऱ्याची प्रतिमाही मोठी होते आणि हाच तंतू तिला अपुरा पडू लागतो. ज्यांच्याकडे लांब नाभीची दुर्बीण आहे त्यांनी खरेदीपूर्वी हा हिशेब कागदावर करून पाहावा. २०६२६५ या संख्येला मिलिमीटरमधील नाभीय अंतराने भागले की एका मिलिमीटरमागे किती विकला येतात ते कळते.

दुर्बिणीच्या नाभीनळीला बसणाऱ्या पेटीत तिरका आरसा आहे आणि त्याच्या मध्यावर बारीक छिद्र आहे. ताऱ्याचा प्रकाश छिद्रातून आत गेला की लहान भिंगांद्वारे तंतूच्या तोंडावर पोहोचतो, आणि छिद्राच्या कडेने सांडलेला प्रकाश आरशावरून परावर्तित होऊन मार्गदर्शक कॅमेऱ्यात जातो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तारा त्या काळ्या ठिपक्यात बुडताना दिसतो आणि भोवती फक्त अंधुक कडे उरते. हे कडे सर्व बाजूंनी सारखे राखणे म्हणजेच मार्गदर्शन. आरशाची आणि छिद्राची कारागिरी उत्तम आहे, छिद्राची कड स्वच्छ आहे आणि त्याभोवती प्रकाशाचा पसारा होत नाही. या एका भागासाठी मी निर्मात्याला पूर्ण गुण देईन. मात्र पेटीचे वजन न्यूटनी दुर्बिणीच्या नाभीनळीला झेपत नाही. दुर्बीण पश्चिमेकडे कलली की नळी किंचित खाली झुकते आणि तारा छिद्रातून सटकतो. मी स्थानिक लोहारकामाच्या दुकानातून अॅल्युमिनियमचा एक आधार करून घेतल्यावर हा त्रास थांबला. दुसरी उणीव अशी, की तंतूच्या दुसऱ्या टोकाकडून उलटा उजेड सोडून छिद्राची जागा तपासण्याची सोय या संचात नाही. मी तिन्हीसांजेला आकाश अजून उजळ असताना मार्गदर्शक कॅमेरा सुरू करते, त्या वेळी छिद्र काळ्या ठिपक्यासारखे स्पष्ट दिसते, आणि त्याची जागा नोंदवून ठेवते. तरीही छिद्र आणि तंतूचे तोंड एका रेषेत आहेत की नाही हे त्यातून कळत नाही. त्यासाठी तंतू वर्णपटलेखकाकडून सोडवून त्यात विजेरी धरावी लागते, आणि दर वेळी तंतू सोडवणे म्हणजे त्याच्या तोंडावर धूळ बसण्याची एक संधी देणे होय.

तंतूविषयी लिहिताना एक गैरसमज आधी दूर करायला हवा. आता गावोगावी ग्रामपंचायतीपर्यंत ऑप्टिकल फायबर आल्यामुळे अनेकांना वाटते की तोच तंतू वापरून काम भागेल. इंटरनेटच्या तंतूचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा असतो आणि तो अवरक्त प्रकाशाच्या एकाच मार्गासाठी बनवलेला असतो. वातावरणाने विस्कटलेल्या ताऱ्याच्या प्रतिमेतला फारच थोडा भाग त्यात शिरू शकतो. शिवाय घरोघरी दिसणाऱ्या हिरव्या जोडणीत तंतूचे तोंड आठ अंशांनी तिरके घासलेले असते, त्यामुळे बाहेर पडणारा किरणांचा शंकू एका बाजूला वळतो. आपल्याला सपाट तोंडाची जोडणी हवी. गुळगुळीत आणि स्वच्छ तोंडावरही काच व हवा यांच्या सीमेवर दर वेळी साडेतीन टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत फिरतो. तो तोटा टळत नाही, पण ओरखड्यांमुळे होणारा तोटा नक्की टाळता येतो.

तंतूची खरी परीक्षा मी शाळेच्या प्रयोगशाळेत केली आणि ती प्रत्येक ग्राहकाने करावी असे मला मनापासून वाटते. लाल लेसरचा किरण तंतूच्या तोंडावर साधारण पावणेसहा अंशांच्या कोनात सोडायचा. एफ/५ शंकूच्या कडेचा किरण याच कोनात येतो. दुसऱ्या टोकापासून १० सेंटिमीटरवर पांढरा कागद धरला की त्यावर सुमारे दोन सेंटिमीटर व्यासाचे लाल कडे उमटते, कारण तंतू किरणाचा अक्षाशी असलेला कोन बराचसा जपतो आणि दिशा मात्र चहूकडे वाटून टाकतो. कडे जितके बारीक, तितका तंतू चांगला. संचासोबतच्या तंतूचे कडे नवा असताना सुरेख बारीक होते. मग मी तोच तंतू प्लास्टिकच्या पट्टीने दुर्बिणीच्या माउंटला, म्हणजे तिला फिरवणाऱ्या बैठकीला, घट्ट आवळला, तेव्हा कडे डोळ्यांदेखत जाड आणि धूसर झाले. याला नाभीप्रमाणाचा ऱ्हास म्हणतात. तंतूवर दाब आला, तो तीव्र वळला किंवा त्याचे तोंड वाईट घासलेले असले, की आत गेलेल्या शंकूपेक्षा बाहेर पडणारा शंकू रुंद होतो आणि कडेचा प्रकाश वर्णपटलेखकातील समांतरक भिंगाच्या (किरण समांतर करणाऱ्या भिंगाच्या) बाहेर वाया जातो. आत जाणारा शंकू जितका निमुळता, तितका हा ऱ्हास अधिक जाणवतो, म्हणून एफ/१० च्या दुर्बिणीला नाभी आखूड करणारे भिंग लावूनच हा संच जोडावा. माहितीपुस्तिकेत या विषयाला एकच वाक्य दिले आहे. पहिल्या हिवाळ्यात माझा बराच प्रकाश त्या घट्ट आवळलेल्या पट्टीने खाल्ला, हे मला पुढच्या वर्षी कळले. एवढी महत्त्वाची सूचना ठळक अक्षरांत पहिल्या पानावर असायला हवी होती.

त्याच प्रयोगात कड्यामध्ये प्रकाशाचे दाणे दिसतात आणि तंतू हलवला की ते जागा बदलतात. तंतूतून प्रकाश अनेक वाटांनी येतो आणि त्या वाटा एकमेकींत मिसळतात, त्याचे हे दृश्य रूप आहे. १०,००० विभेदनाला ताऱ्याच्या पांढऱ्या प्रकाशात त्याचा उपद्रव मला जाणवला नाही. उलट या मिसळण्याचा फायदाच मोठा आहे. साध्या फटीच्या वर्णपटलेखकात तारा फटीत एका बाजूला सरकला तरी रेषा सरकते आणि निरीक्षकाला खोटा वेग दिसतो. तंतूतून येताना प्रकाश गोलाकार दिशेने चांगला घुसळला जातो, त्यामुळे दुर्बिणीच्या मार्गदर्शनातली छोटी चूक वर्णपटापर्यंत फारशी पोहोचत नाही. ज्यांच्या दुर्बिणीचा खांब काळ्या मातीत उभा आहे त्यांना याचे मोल कळेल. कापसाची ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगाळते. मुरमापर्यंत पाया खोदूनही माझा खांब दर वर्षी थोडा कलतो आणि दिवाळीनंतर दुर्बिणीचा अक्ष ध्रुवाकडे रोखण्याची जुळणी नव्याने करावी लागते. माजघरातल्या वर्णपटलेखकाला या हालचालीची झळ लागत नाही.

संचाचा सर्वांत कच्चा भाग म्हणजे तंतूवरचे आवरण. ते कार्यालयीन वापराच्या तारेसारखे पातळ आहे. पहिल्याच महिन्यात उंदरांनी ते दोन ठिकाणी कुरतडले, सुदैवाने काच वाचली. त्यानंतर मी संपूर्ण तंतू ठिबक सिंचनाच्या १६ मिलिमीटरच्या साध्या नळीतून ओवून घेतला. नळी ठिबक तोट्या नसलेली घ्यावी, कारण आतल्या तोट्यांवर जोडणी अडकते. ही नळी सहज तीव्र वळत नाही, त्यामुळे तंतूलाही बाक येत नाही, आणि ती शेतात कुणाच्या पायाखाली आली तरी दाब थेट काचेवर पडत नाही. आमच्या भागात रानडुकरे आणि रोही यांच्यासाठी रात्री जागलीला माणसे असतात, त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर नळी जमिनीखाली वीतभर पुरली आहे.

दुसऱ्या वर्षी तंतूच्या दुर्बिणीकडील तोंडावर ओरखडा पडला. कंपनीला लिहिले, उत्तर सौजन्याने आले, पण दुरुस्तीसाठी तंतू परत पाठवावा लागणार होता आणि त्यात सबंध हंगाम गेला असता. तालुक्याच्या गावी इंटरनेटच्या तारा जोडणारा एक तरुण तंत्रज्ञ आहे, त्याच्याकडे मी तंतू नेला. त्याने सूक्ष्मदर्शकाखाली तोंड पाहिले आणि म्हणाला, “मॅडम, हा आपल्या लाइनीतला फायबर नाही, याचा गाभा केवढा मोठा आहे. हा मी कापून जोडणार नाही, घासून देतो.” त्याचे हे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते, कारण मध्ये केलेला प्रत्येक जोड कडे जाड करतो. त्याने ५, १ आणि शेवटी ०.३ मायक्रॉनच्या घासपट्ट्यांवर जोडणी इंग्रजी आठच्या आकाराने फिरवत तोंड घासले, मध्ये चार वेळा सूक्ष्मदर्शकातून पाहिले, आणि मला स्वतःला पाहायला लावले. शाळेत परत येऊन लेसरची परीक्षा घेतली, तेव्हा कडे नव्या तंतूइतकेच बारीक आले. या सेवेसाठी त्याने घेतलेले पैसे त्याच्या कौशल्याच्या मानाने फारच कमी होते. ज्यांच्या तालुक्यात असा माणूस आहे त्यांनी त्याची ओळख संच येण्यापूर्वीच करून घ्यावी.

कॅमेरा, जोडणीच्या वायरी आणि संगणकप्रणाली यांबद्दल तक्रार नाही. संदर्भरेषांसाठी, म्हणजे ज्यांची जागा नेमकी ठाऊक आहे अशा तुलनेच्या रेषांसाठी, दिलेला थोरियम-आर्गॉन दिवा भरवशाचा आहे. विजेच्या लपंडावामुळे मी सगळा संच १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवते आणि वेध घेण्याच्या आधी व नंतर अशा दोन्ही वेळा दिव्याची नोंद घेते. मे महिन्यात मात्र मध्यरात्रीही हवा तापलेली असते, कॅमेरा पुरेसा थंड होत नाही आणि अंधुक तारे सोडून द्यावे लागतात. माझ्या अनुभवात तासाभराच्या नोंदीत पाचव्या प्रतीपर्यंतचे (अंधाऱ्या आकाशात नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे) तारे समाधानकारक येतात.

या सर्व खटाटोपाचे फळ काय मिळाले, ते सांगितल्याशिवाय परीक्षण अपुरे राहील. आपल्याकडे लग्नात वधूवरांना वसिष्ठ आणि अरुंधती दाखवतात. त्यातला वसिष्ठ दुर्बिणीतून दोन ताऱ्यांचा दिसतो आणि त्या दोहोंत सुमारे १४ विकलांचे अंतर आहे. माझ्या तंतूचे तोंड १० विकलांचे असल्यामुळे तेजस्वी तारा छिद्रात बुडतो आणि त्याचा सोबती बाहेर आरशावर तसाच चमकत राहतो. पण छिद्रात बुडालेला तो ताराही एकटा नाही. १८८९ साली एडवर्ड पिकरिंग यांनी त्याच्या वर्णपटातील रेषा कधी एकेरी तर कधी दुहेरी दिसतात हे जाहीर केले, आणि वर्णपटावरून ओळखलेला तो पहिला जोडतारा ठरला. त्याचा आवर्तनकाळ साडेवीस दिवसांचा आहे. मी एप्रिलमध्ये तीन आठवडे, ढग नसतील त्या प्रत्येक रात्री, दहा-दहा मिनिटांच्या तीन नोंदी घेतल्या. निळ्या भागात ४४८.१ नॅनोमीटरवर मॅग्नेशियमची एक रेषा आहे. ती पहिल्या काही रात्री एकेरी होती, मग रुंद झाली, मग दोन स्वच्छ दऱ्यांमध्ये फुटली आणि पुन्हा मिटली. फुटलेल्या दोन रेषांतील अंतरावरून दोन ताऱ्यांच्या वेगांतला फरक सेकंदाला १०० किलोमीटरहून जास्त निघतो. ज्या रात्री रेषा दुभंगलेली दिसली, त्या रात्री मी घरातल्या सगळ्यांना उठवून माजघरात आणले. माझ्या सासूबाईंनी पडद्याकडे बराच वेळ पाहिले आणि त्यांच्या लग्नात याच ताऱ्याकडे बोट दाखवले गेले होते याची आठवण सांगितली.

रोहिणीचे निरीक्षण त्याहून साधे आणि शाळेसाठी त्याहून मोलाचे ठरले. ऑक्टोबरच्या मध्यात पहाटे पृथ्वी आपल्या कक्षेत रोहिणीच्या दिशेने जात असते आणि फेब्रुवारीच्या उत्तरार्धात संध्याकाळी तिच्यापासून दूर जात असते. या दोन वेळच्या वर्णपटांची तुलना केली तर सगळ्या रेषा सेकंदाला सुमारे ५० किलोमीटर वेगाच्या फरकाएवढ्या सरकलेल्या आढळतात, लाल हायड्रोजन रेषेपाशी हे अंतर ०.११ नॅनोमीटर भरते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे नववीच्या मुलांनी आपल्याच शेतातल्या दुर्बिणीच्या नोंदींवर पट्टी ठेवून मोजले. याच रेषेच्या आसपास आपल्या हवेतील बाष्पाच्या बारीक रेषाही आहेत. त्या ताऱ्याबरोबर सरकत नाहीत, आणि पावसाळा नुकताच सरलेल्या ऑक्टोबरात त्या जितक्या ठळक होत्या, तितक्या फेब्रुवारीत राहिल्या नाहीत. मुलांनी हा फरक माझ्या आधी पाहिला.

सध्या मी अनुराधा नक्षत्रातील डेल्टा स्कॉर्पाय या ताऱ्यावर लक्ष ठेवून आहे. २००० साली हा तारा अचानक उजळू लागल्याचे अर्जेंटिनातील हौशी निरीक्षक सेबास्टियन ओतेरो यांच्या लक्षात आले, आणि तेव्हापासून त्याच्या भोवतीच्या वायूच्या तबकडीमुळे लाल हायड्रोजन रेषा काळी न दिसता उजळ दिसते. अशा ताऱ्यांचे हौशी निरीक्षकांनी घेतलेले वर्णपट पॅरिस वेधशाळेच्या ‘बेस’ या संग्रहात स्वीकारले जातात, आणि १०,००० विभेदनाच्या नोंदी तिथे उपयोगी पडतात.

हा संच मी पुन्हा घेईन का, असे विचारल्यास उत्तर होय असे आहे, फक्त मागणी नोंदवताना दोन बदल करीन. तंतू धातूच्या लवचीक आवरणातला मागवीन, आणि पहिल्याच दिवशी त्याच लांबीचा दुसरा तंतू सोबत घेईन, म्हणजे एकाचे तोंड घासायला तालुक्याला गेले तरी दुसऱ्यावर त्या रात्रीचे काम चालू राहील.